पुंजाजीकडची किल्ली

१

दसऱ्याच्या दिवशी सकाळी वामनरावांनी खटका दाबला आणि नवी मोटर जळाली.

मी तिथे उभा होतो. धामणगाव बढ्यात वीज येऊन थोडेच दिवस झाले होते. गावातली पहिली विजेची चक्की पाहायला निम्मं गाव जमलं होतं. दाराला झेंडूचं तोरण होतं, मोटरीला हार होता. वामनरावांनी उंबऱ्यावर नारळ फोडला, टोपी सारखी केली आणि हसत हसत खटका दाबला. मोटर एकदा गुरगुरली. मग आतून निळा जाळ दिसला, मोठा आवाज झाला आणि धूर निघाला. पहिल्या पिठासाठी गहू घेऊन आलेल्या बाया डबे टाकून पळाल्या.

"पाह्यलं? मी पहिलेच म्हनलं होतं," मागून कोणी तरी बोललं. तो जानराव होता. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याची डिझेल इंजिनवरची चक्की आहे.

मोटर बसवणारा मिस्त्री खामगावचा. तो आदल्या दिवसापासून गावातच मुक्कामाला होता. त्याने तोंडाला रुमाल धरून मोटरीचं झाकण काढलं आणि आत बोट घातलं. मग बोट धोतराला पुसलं, पुन्हा एकदा पुसलं.

"काल सांजीले मी चालवून दाखवली तवा ठणठणीत होती," तो म्हणाला. "आत ओल हाये. कोणी तरी पाणी ओतलं. तारा जळाल्या साऱ्या."

"खोलीले कुलूप होतं," वामनराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "आता माह्या हातानं उघडलं. कुलूप तं साबूत होतं."

"किल्ल्या किती?" मी विचारलं. पोलिसात जन्म गेला की असे प्रश्न आपोआप तोंडातून येतात.

"दोन. एक माह्याजवळ. दुसरी पुंजाजीजवळ."

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पुंजाजी कुठेच नव्हता.

"तो तं काल सांजच्या यष्टीनं गेला," जानराव म्हणाला. "म्या सोताच्या डोयानं पाह्यला. हातात पिशवी होती."

२

पुंजाजी त्या चक्कीवरचा इंजिन ड्रायव्हर. वामनरावांचे वडील भगवानराव यांनी इंजिन आणलं तेव्हापासून ते तोच चालवत होता. इंजिनला माणूस लागतो. चाक फिरवून ते सुरू करावं लागतं, तेल घालावं लागतं, ऐकत बसावं लागतं. मोटरीला खटका पुरतो. दिवाळीनंतर तुझी गरज नाही, असं वामनरावांनी त्याला सांगून टाकलं होतं. ते साऱ्या गावाला माहीत होतं.

दुपारी त्याची बायको पंचफुला माझ्या दारात आली. आत येईना.

"जमादारसायेब, उद्या आमचे घरी येतीन. वामनराव म्हणून राह्यले का यष्टीतून उतरल्यावर घरी जाऊच देत नाही, सीधा ठाण्यात नेतो."

"गेला कुठं तो?"

"नागपूरले. दीक्षाभूमीवर. दसऱ्याले जातातच ते, दरसाल. सारी वस्ती जाते. औंदा पोरगी बाळंतीण हाये म्हणून मी राह्यली. लोक म्हणतात पळाला. पळणारा माणूस परतीचं सांगून जाते का जी?"

"मी रिटायर झालो बाई. मले आता कोण विचारते?"

तिने माझ्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "गीताबाई असत्या तं त्यायनं तुम्हाले पायात चपला घालाले लावल्या असत्या."

गीताबाई माझी बायको. चैत्रात गेली. तेव्हापासून मी कोणाच्या दारात फारसा जात नव्हतो. पंचफुलाचं म्हणणं खरं होतं. मी चपला घातल्या.

३

वामनराव मोटरीजवळच बसून होते. हार तसाच होता, फक्त धुराने काळा पडला होता.

"काका, यात तपास करण्यासारखं काय हाये?" ते म्हणाले. "मिस्त्रीनं मोटर बसवली तवाच सांगतलं होतं, आत पाण्याचा थेंब गेला का मोटर गेली. हे ऐकाले आम्ही दोघंच होतो, मी आन पुंजाजी. मी तं माह्या हातानं ओतणार नाही. मंग राह्यलं कोण? त्याच्याजवळ किल्ली. त्याचं काम जाऊन राह्यलं. काल सांजच्या पूजेले बी तो बाहेरच उभा होता, आत पाय टाकला नाही."

"तो बुद्धाचा झाला तवापासून पूजेले आत येतच नाही. हे तुमचे बाबा होते तवापासून हाये."

"हाव, पण औंदाचं येगळं."

मी मोटरीजवळ वाकलो. जळल्या वार्निशचा उग्र वास होता. त्याच्याखाली आणखी एक वास होता. ओळखीचा होता, रोजचा होता, पण कशाचा ते आठवेना. पुष्कळ वेळ वाकून राहिलो. आठवलं नाही.

"तुमची किल्ली कुठं असते?"

"देवघरापाशी, खुंटीले. घरातल्या घरात."

तेवढ्यात त्यांची बायको पुष्पाबाई चहा घेऊन आली. चहा कोरा होता. मी कपाकडे पाहिलं तशी ती लाजली.

"रागावू नका काका. सणाच्या दिवशी कोरा चहा. पाहाटचं दूध मांजरीनं सांडलं वाट्टे. पातेलं रिकामंच होतं."

चहा पिऊन मी मागच्या अंगणात आलो. जुनं इंजिन तिथे काढून ठेवलं होतं. ते मोताळ्याकडच्या कोणाला विकलं होतं, दसरा झाला की तो न्यायला येणार होता. इंजिनाच्या बाजूला वामनरावांची आई झुंबरबाई बाजेवर बसली होती. भगवानराव माझे दोस्त होते. म्हणून मी तिला वहिनी म्हणतो.

"वहिनी, वाईट झालं."

"मले काय सांगता भाऊ? आणतांना विचारलं होतं का कोणी?" ती म्हणाली. "एक म्हैना झाला, मी वामन्याशी बोलून नाही राह्यली. या इंजिनाचं पुकपुक सुरू झालं का बायायले समजे, चक्की चालू झाली. घरचं काम टाकून डबा घेऊन येत. आता हे मुकं ध्यान. चालू हाये का बंद, बाईनं कसं वळखाव? दोन कोसावरून डोक्यावर दाणे आणाचे, न इथं येऊन पाहावं तं कुलूप!"

हा मुद्दा मी कोणाकडून ऐकला नव्हता. वामनरावांनीही ऐकला नसावा.

"आन दुसरं," ती इंजिनाकडे न पाहता म्हणाली, "हे सुरू झालं का मले वाटे, आमचे हे चक्कीतच हायेत. तुम्हाले आता समजन भाऊ."

मला समजलं. पण मी पोलिसाचा माणूस. हेही समजलं की देवघराजवळच्या खुंटीवरची किल्ली या बाईच्या हाताला सहज येते, आणि या मोटरीवर हिच्याइतका राग साऱ्या गावात कोणाचा नाही.

४

संध्याकाळी सोनं द्यायच्या निमित्ताने मी जानरावकडे गेलो. त्याची चक्की चालू होती. तो बायांना समजावत होता.

"विजेचं पीठ गरम पडते माय. आतडे जळतात. मुंबईतले लोक पाह्यले का कसे वाळलेले असतात? सारे विजेचं खातात."

"तू कधी गेला बे मुंबईले?" मी विचारलं.

"जाव कशाले लागते? ऐकतो ना." त्याने आपट्याची पानं हातात घेतली आणि पाया पडल्यासारखं केलं. "पुंजाजी सापडला का?"

"तो हरवलाच नाही. तू सांग. आज पाहाटी वामनरावच्या अंगणामागं काऊन फिरत होता?"

हा बाण मी हवेत मारला होता. पण त्याचा हात थांबला.

"कोणं सांगतलं? मी... मी तं इंजिन पाहाले गेल्तो. जुनं हाये, स्वस्तात..."

"विकलं हाये ते. तुले माहीत हाये." मी त्याच्या चक्कीच्या मागे गेलो. मघाशीच एक गोष्ट माझ्या नजरेला आली होती. तिथे ताजा खोल खड्डा खणलेला होता. बाजूला चुन्याची खूण होती.

"हे काय हाये?"

"गाईचा खुंटा रोवाचा हाये."

"गाय हाये का हत्ती, एवढा खड्डा?"

आतल्या बाया हसल्या. जानरावने मला हाताला धरून बाजूला नेलं.

"बोंबलू नका जमादार. खांबाचा खड्डा हाये. विजेच्या. अर्ज म्या बी देल्ला हाये, खामगावले."

"आन हे आतडे जळतात म्हणून सांगून राह्यला ते?"

"माह्या घरी वीज येतपर्यंत जळतात," तो म्हणाला. मग खरोखर काळजीने बोलला, "म्हनलं, वामन्याले पहिले लावू द्याव. त्याची चालली का मंग आपण घ्याव. म्हणून पाहाटी गेल्तो, मिस्त्री काय काय करते ते मागच्या खिडकीतून पाहाव म्हणून. मिस्त्री तं बाहेर ओट्यावर झोपलेलाच होता. मोटर जळाली तवापासून मलेच भेव वाटून राह्यलं. अर्ज वापस घ्याव का काय?"

"खिडकीतून काही दिसलं?"

"अंधार होता. खोलीत कंदील होता कोणाचा तरी, एवढं दिसलं. मले वाटलं वामनराव हाये. म्हणून सटकलो."

पहाटेला खोलीत कंदील होता. पुंजाजी तेव्हा नागपूरच्या गाडीत होता.

पण हे सांगणारा जानराव होता, आणि जानरावच्या शब्दाला गावात किती वजन आहे हे आत्ताच पाहिलं होतं. शिवाय वामनराव म्हणतील, कंदील काहीही असो, पुंजाजीने जाण्याआधीच पाणी ओतलं. मला मोटरीतूनच काही तरी हवं होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीवर दूध ठेवलं आणि विचार करत बसलो. बायको गेल्यापासून हे रोजचंच झालं आहे. दूध ठेवायचं, विसरायचं. उतू जातं, खाली लागतं, करपतं. मग भांडं घासत बसायचं. ती असताना घरात हा वास मला माहीत नव्हता.

त्या दिवशीही करपलं. मी भांडं उतरवायला उठलो आणि तसाच उभा राहिलो.

मोटरीतला दुसरा वास हाच होता.

मी तसाच निघालो. वामनरावांकडे सगळे झोपेतून उठतच होते. मोटरीच्या खोलीत गेलो. झाकण उघडंच होतं. खिडकीतून मुंग्यांची रांग आली होती. ती भिंतीवरून खाली, फरशीवरून मोटरीवर आणि मोटरीच्या पोटात जात होती. जळालेल्या तारांच्या कडेने काळं, चिकट काही तरी साचलं होतं. मुंग्या त्यालाच लागल्या होत्या. आता समजलं, मिस्त्रीने बोट दोनदा का पुसलं.

मागच्या अंगणात गेलो. इंजिनाभोवती फिरून पाहिलं. चाकाच्या खाचेत मागच्या सालचं हळदकुंकू वाळून बसलं होतं. नवीन काही नव्हतं. दसरा काल झाला आणि या घरात इंजिन कोरडं होतं.

पुष्पाबाई सडा टाकत होती.

"पोरी, दसऱ्याले इंजिनाची पूजा कोण करे?"

"पुरुष माणसं आदल्या सांजीले करत. हार घालत, नारळ फोडत," ती म्हणाली. "दसऱ्याच्या पाहाटी सासूबाई करत. पंचामृतानं आंघोळ घालत त्याले. दूध, दही, तूप..."

ती बोलता बोलता थांबली. हातातला तांब्या तसाच राहिला. तिने एकदा इंजिनाकडे पाहिलं, एकदा चक्कीच्या दाराकडे.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "त्यायले सांगू नका. मरून जातीन त्या. आपण म्हणू, मोटरच खराब निघाली. कंपनीचा दोष. कोणाचंच नाव नको."

मला ते क्षणभर पटलं. म्हातारी, विधवा बाई. तिच्या माथी हे कशाला? मिस्त्री गेला होता, मुंग्या दोन दिवसांत साफ करून जातील.

पण गावाने पुंजाजीचं नाव घेतलं होतं. कंपनीचा दोष म्हटलं तरी गाव मनात म्हणणार, वामनराव मोठ्या मनाचे, त्यांनी झाकलं. तो डाग त्याच्या पोरांपर्यंत गेला असता. आणि दुपारची यष्टी यायला फार वेळ नव्हता.

"पोरी, वामनरावले बोलाव," मी म्हणालो.

६

वामनराव आले. मी त्यांना मुंग्या दाखवल्या.

"याचा अर्थ काय काका?"

"तुम्ही काल म्हनलं, पाण्यानं मोटर जळते हे फक्त दोघांले माहीत होतं. तुम्हाले आन पुंजाजीले."

"हाव."

"तं मंग मले सांगा. ज्याले हे माहीत हाये, त्याले मोटर जाळाची असन तं तो काय करन? एक तांब्या पाणी ओतन. हौदात पाणी हाये. पाणी वाळून जाते, खूण राहत नाही. दूध, साखर, मध असं महागाचं काऊन ओतन? मुंग्यायले काऊन बोलावन?"

वामनराव वाकले. बोटाने ते काळं चिकट खरवडलं. वास घेतला.

"पुंजाजीजवळ किल्ली होती, कारण होतं, माहिती बी होती," मी म्हणालो. "त्याच्या माहितीनंच तो सुटते. हे ज्यानं केलं, त्याले मोटर जळते हे माहीतच नव्हतं. त्याले मोटर जाळाचीच नव्हती."

"मंग कोण?"

मी उत्तर द्यायच्या आधी दारातून आवाज आला.

"कशानं जळाली म्हणता भाऊ?"

झुंबरबाई उंबऱ्यात उभी होती. कधीपासून, ते माहीत नाही.

७

मी विचारलं.

"वहिनी, औंदा इंजिनाले आंघोळ नाही घातली?"

"इंजिन आता आपलं कुठं राह्यलं? विकलं यानं. दुसऱ्याच्या घरी जाणारी वस्तू." तिने पदर सारखा केला. "नवीले घातली. पाहाटी. खुंटीवरून किल्ली घेतली, कंदील घेतला. वामन्यासमोर कसं कराव? म्हैनाभर त्याच्याशी बोलली नाही. त्याच्यासमोर तिचे पाय कसे धुवाव? पण म्हनलं, आता आलीच हाये घरात. सून मनाजोगी नसली म्हणून का तिले ववाळत नाही? तिचं चांगलं व्हाव, घराचं चांगलं व्हाव, एवढं म्हनलं. यायच्या इंजिनाले दरसाल घातली. एवढाले गंज-पातेले भरून घातली. कधी काही झालं नाही त्याले."

"इंजिन लोखंडाचं, आई," वामनराव म्हणाले. "याच्या पोटात तारा असतात. त्यायले ओल चालत नाही."

"हे तुले माहीत होतं?"

"हाव. मिस्त्रीनं सांगतलं होतं."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

वामनरावांनी बोटाचं काळं धोतराला पुसलं.

"पुंजाजीले सांगतलं. त्याले तं तू काढून टाकून राह्यला होता," ती म्हणाली. "चक्की झाडतो आम्ही. पुसतो आम्ही. पट्ट्यावरचं पीठ उतरवतो आम्ही सासू-सुना. आमाले कोणी सांगतलं नाही. तुले वाटलं, या बुढीले काय समजते."

मी साऱ्या नोकरीत पुष्कळ जबाब घेतले. एवढा सरळ जबाब क्वचितच ऐकला. कागदावर गुन्हेगार लिहायचा असता तर मी झुंबरबाईचं नाव लिहिलं नसतं. वामनरावांना मोटर आणायची घाई होती. ती घरात कशी नांदेल याची काळजी नव्हती.

झुंबरबाई मोटरीजवळ खाली बसली. मुंग्यांकडे पाहत राहिली.

वामनराव माझ्याजवळ सरकले. "काका, घरातली गोष्ट घरातच राहू द्या. मी पुंजाजीले काही म्हणत नाही. ठाणं नाही न काही नाही. मिटलं."

"काय मिटलं रे?" म्हातारी खालूनच म्हणाली. "काल एवढ्या गावासमोर त्याचं नाव घेतलं तू. तवा घरातली गोष्ट नव्हती ते?"

ती गुडघ्याला हात लावून उठली.

"यष्टी किती वाजता येते?"

८

यष्टीच्या थांब्यावर कालच्यासारखीच गर्दी होती. चोर कसा उतरतो ते पाहायला लोक आले होते. पोलीस पाटील होते. जानराव पुढेच होता. पंचफुला एका बाजूला एकटी उभी होती.

झुंबरबाई चालत आली. वामनराव तिच्या मागे होते, मान खाली घालून. तिला थांब्यावर पाहून लोक जरा मागे सरले. ती सहसा घर सोडत नसे.

यष्टी आली. वस्तीतली माणसं उतरली. शेवटी पुंजाजी उतरला. त्याच्या हातात पिशवी होती. त्याने गर्दी पाहिली, पोलीस पाटलांना पाहिलं, मग बायकोचा चेहरा पाहिला. काही तरी वाईट झालं हे त्याला समजलं, पण काय ते समजेना. "पोरगी बरी हाये ना?" एवढंच त्याने विचारलं.

"बरी हाये तुही पोरगी," झुंबरबाई म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "काल मोटर जळाली. गावानं तुह्यं नाव घेतलं. मोटर म्या जाळली. माह्या हातानं पंचामृत घातलं. कोणाले काही इचाराचं असन तं मले इचारा."

मागे एकजण खुदकन हसला, तेवढ्यात त्याला कोणी तरी कोपर मारलं.

पुंजाजीने पिशवी खाली ठेवली. एवढ्याशा बोलण्यातून काल दिवसभर त्याच्या बायकोवर काय गेलं असेल, ते तो उलगडत असावा.

"माय, तुम्ही मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला.

"मुद्दाम नाही केलं. पण मोटर जळाली, न तुह्यं नाव बी जळालं. उद्यापासून चक्कीवर ये."

"मोटरीले माणूस लागत नाही माय. वामनरावनं सांगतलं ना मले."

"मोटरीले नसन लागत. आमाले लागते. तिले काय चालते, काय चालत नाही, हे सांगणारा कोणी तरी पाह्यजे. बायायले सांगणारा पाह्यजे, चक्की चालू हाये का बंद."

पुंजाजीने पंचफुलाकडे पाहिलं. ती पहिल्यांदाच बोलली.

"मायनं म्हनलं ते ठीक हाये. काल ज्यायनं नाव घेतलं, त्यायनं म्हणाव."

सगळ्यांच्या नजरा वामनरावांकडे गेल्या. मला वाटलं, ते नाही म्हणणार. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग पुढे आले.

"पुंजाजी," ते म्हणाले, "चुकलं माह्यं. ये तू."

"येतो," पुंजाजी म्हणाला. "पण एक हाये. मले बी मोटरीचं काही येत नाही. खटका दाबता येते, तेवढं तुम्हाले बी येते. पहिले मले शिकू द्या."

"हे काय नवीन?" जानराव पुटपुटला. "नोकरी बी द्या न शाळा बी द्या."

"तुह्या खड्ड्यात खांब उभा राह्यला का तू बी त्याच्याचकडे येशीन शिकाले," मी म्हणालो. लोक हसले आणि खड्डा कसला म्हणून त्याला विचारायला लागले.

९

चार-पाच दिवसांनी मोटर कापसाच्या ट्रकवर टाकून खामगावला न्यायची ठरली, नव्या तारा भरायला. पुंजाजी सोबत जाणार होता. तारा भरून होईपर्यंत मिस्त्रीजवळ बसून राहायचं, असं त्याने ठरवलं होतं. वामनरावांनी मलाही बोलावलं, कारण मिस्त्री माझं ऐकेल असं त्यांना वाटलं.

ट्रक निघायच्या वेळी झुंबरबाई लुगडं नेसून, पिशवी घेऊन आली आणि सरळ ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

"आई, तू कुठं निघाली?" वामनरावांनी विचारलं.

"तिच्या पोटात काय हाये ते मले पाहू दे."

खामगावच्या मिस्त्रीच्या दुकानात बसायला जागा नव्हती. त्याने झुंबरबाईला स्टुलावर बसवलं आणि नाक मुरडत कामाला लागला. म्हाताऱ्या बाईला काय दाखवायचं, असं त्याला वाटलं असावं. मोटरीची दोन्ही झाकणं काढली. काळ्या तारांचे झुपके चिमट्याने उपसून खाली टाकले. मग नव्या तांब्याच्या तारेचं रीळ घेतलं आणि वेढे घालायला सुरुवात केली. पुंजाजी त्याच्या शेजारी उकिडवा बसला. पहिला वेढा कुठून, दुसरा कुठून, तो विचारत होता. आधी मिस्त्री तुटक उत्तरं देत होता. मग हळूहळू सांगायला लागला.

झुंबरबाई पुढे वाकून पाहत होती.

"केवढी बारीक तार," ती म्हणाली. "मंगळसूत्र ओवल्यावानी." मग तिने मिस्त्रीला विचारलं, "मंग हिची पूजा कशी कराची? ते सांग."

मिस्त्रीचे हात थांबले. हा प्रश्न त्याला कधी कोणी विचारला नसावा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मोटरीकडे पाहिलं.

"पूजा... पूजा नकाच करू आजीबाई," तो म्हणाला.

म्हातारीचा चेहरा पडला. घरातल्या कामाच्या वस्तूला दसऱ्याला हात जोडायचा नाही, हे तिच्या मनात बसेना.

"काऊन नाही? कराची," पुंजाजी म्हणाला. त्याने मोटरीच्या वरच्या लोखंडावर तळहात ठेवला. "इथं वरून, माय. हे लोखंड हाये, इंजिनासारखंच. याले कुंकू लावा, हार घाला. सारं कोरडं. फक्त या जाळीत काही जाऊ द्याचं नाही. आन पूजेच्या वेळी खटका बंद पाह्यजे."

झुंबरबाईने त्याच्या हाताच्या बाजूला आपला हात ठेवून पाहिला. लोखंड गार होतं.

"हाव," ती म्हणाली. "मंग खटका तूच बंद करत जाजो."